गेरूचं रक्त

तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही. शांतपणे, शिक्का मारून, दोन प्रतींत खोटं लिहिलंत. 'दिनांक अकरा सप्टेंबर रोजी रुग्णाच्या स्वयंपाकघरात रक्तस्राव आढळला', असं तुमच्या पत्रात आहे. रक्त होतं, हे खरं. मी स्वतः ते फरशीवरून पुसलंय, आणि आमच्याकडच्या फरशा दगडी, खडबडीत, त्यामुळे चांगलं गुडघे टेकून पुसावं लागलं. पण ते रक्त थेल्मा रेल्फच्या पायातून आलेलं नव्हतं. ते तुम्हीच पाठवलेल्या माणसाच्या कपाळातून आलं होतं. आणि ते कशानं थांबलं, हेही तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर ते पत्रात नाही.

थेल्मा माझी शेजारीण. वय एकाहत्तर, लग्न केलं नाही, दोनशे हर्डविक मेंढ्या, आणि एक कुत्री जी तिचंही ऐकत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात लोखंडी फाटकाची बिजागरी तुटली आणि फाटक तिच्या नडगीवरून घासत खाली आलं. ती म्हणाली, "खरचटलंय." कोकरांना बांधायची पट्टी तिनं स्वतःच्या पायाला बांधली आणि कामाला गेली. त्या खरचटण्याची जखम झाली. जखम कोंबडीच्या अंड्याएवढी झाली आणि मग तिथंच बसली, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी. मध लावून झाला, चांदीचं मलम लावून झालं, घट्ट पट्ट्यांची चार-चार वेटोळी घालून झाली. जखम हलेना.

थेल्माची एक बहीण आहे, विनिफ्रेड. ती मोरकमला समुद्रासमोर तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याकडे पांढरा गालिचा आहे, ज्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आणि पोपट आहे, ज्याच्याशी मोठ्यानं बोलायचं नाही. ही विनिफ्रेड दर रविवारी फोन करायची आणि म्हणायची, "मेंढ्या विक आणि इकडे ये." दीड वर्ष थेल्मानं ऐकून घेतलं. मग या मार्चमधल्या एका रविवारी, चुलीवर दूध उतू जात असताना, ती फोनवर ओरडली, "एडके सोडायच्या दिवसापर्यंत पाय बरा झाला नाही, तर येते तुझ्याकडे! झालं समाधान?" आणि फोन आपटला.

एडके आम्ही एकवीस नोव्हेंबरला मेंढ्यांत सोडतो. विनिफ्रेडनं कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि त्या कॅलेंडरचा फोटो पाठवला.

"रागात बोललीस. मोडून टाक," मी म्हणालो.

"एडविन, शब्द दिलाय."

"पोपटवालीला?"

"कुणाला का असेना."

आमच्या दरीत तोंडी शब्दावर कळप विकले गेलेत, कागद न करता. त्यामुळे मी तो विषय सोडला.

त्याच आठवड्यात ब्रोना आली. ब्रोना म्हणजे आमच्या भागाची नर्स. आयर्लंडची, तिशीची, गाडी अशी चालवते की मेंढ्याच काय, भिंतीसुद्धा बाजूला होतात. तिनं सांगितलं की केंडलच्या एका छोट्या प्रयोगशाळेत लोकरीपासून जखमेचं औषध करतात आणि त्याची चाचणी सुरू होतेय.

"लोकरीपासून?" थेल्मा म्हणाली. "आमच्या लोकरीला कुत्रं विचारत नाही. आम्ही ती चिखलाच्या वाटेवर टाकतो, पाय रुतू नयेत म्हणून."

"मग आता पायावरच टाका, थेल्माबाई. लोकरीत केराटिन असतं. तुमच्या केसांत असतं, नखांत असतं, तेच. ते लोकरीतून काढायचं, त्याची खळ करायची आणि जखमेवर लावायची. वाहत्या रक्ताला चिकटायला जागा मिळते, गुठळी पटकन धरते. आणि न भरणाऱ्या जखमेत नव्या कातडीला चढायला आधार मिळतो, वेलाला मांडव मिळतो तसा."

"म्हणजे माझ्या पायाला मेंढीचं ठिगळ."

"तसंच समजा."

"आणि मी बें बें करायला लागले तर?"

"तर एडविनला ओळखताच येणार नाही, आधी कोण बोलत होतं आणि आता कोण."

थेल्मा इतकी हसली की तिनं तिथल्या तिथं सही केली. सही केल्यावर प्रयोगशाळेनं लोकर कुणाची घ्यायची यावर तिनं अट घातली: माझीच घ्या. दुसऱ्याचं मेंढरू माझ्या पायावर चरायला नको. कोठारात मागच्या कातरणीच्या साठ लोकरी पडून होत्याच. प्रयोगशाळेलाही एकाच कळपाची लोकर हवी होती, म्हणून तेही तयार झाले.

आणि मग तुमचा फॉर्म आला. चाचण्यांना परवानगी देणाऱ्या तुमच्या समितीचा, प्रयोगशाळेचा नाही. वर तुमचा शिक्का आहे, माझ्याकडे प्रत आहे. कलम सात: 'प्रत्येक लोकरीवर मालकाची खूण स्पष्ट दिसेल अशी असावी.'

आता हे वाक्य तुमच्यापैकी ज्यानं लिहिलं, तो माणूस आयुष्यात मेंढीपासून किती मैलांवर राहिलाय, मला माहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, तुम्ही तर उंटही ऑफिसातच बांधलाय. आमच्याकडे खूण या शब्दाचा अर्थ एकच. डोंगरावर कुंपण नाही, सगळ्यांचे कळप एकत्र चरतात, म्हणून प्रत्येक घराची रंगाची एक खूण असते. माझी निळा ठिपका, उजव्या खांद्यावर. थेल्माची लाल पट्टा, डाव्या ढुंगणावर. तिच्या पणजोबापासून तीच. बिनखुणेची मेंढी म्हणजे बेवारस मेंढी, आणि बिनखुणेची लोकर पाठवणारा म्हणजे, तोंडावर कुणी म्हणणार नाही, पण चोर.

"वाच पुन्हा," थेल्मा म्हणाली. तिचा पाय स्टुलावर, खुर्ची कोठाराच्या दारात.

"स्पष्ट दिसेल अशी असावी."

"दिसतेय का?"

मी एक गुंडाळी उलगडली. पाऊस आणि वारा खाऊन जुना पट्टा फिकट गुलाबी झालेला.

"दिसते, पण स्पष्ट नाही."

"मग रंगव."

"कातरलेली लोकर रंगवू? थेल्मा, ही मेंढी नाही. हा तिचा कोट आहे."

"कलम सात काय म्हणतं?"

कलम सात जे म्हणत होतं ते म्हणतच होतं. बाजारातला रंग संपला होता. तो साबणानं धुतला जातो, लोकरीच्या गिरण्यांना तसाच लागतो. पण फळीवर मागे तिच्या वडिलांचा डबा होता: गेरू, जवसाच्या तेलात कालवलेला. झाकण उघडायला छिन्नी लागली.

"हा धुतला जातो का?" मी विचारलं.

"बाबांच्या वेळची एक मेंढी दलदलीत बुडाली होती. सात वर्षांनी वर आली. पट्टा शाबूत."

मी पहिली लोकर फरशीवर पसरली.

"डाव्या ढुंगणावर," थेल्मानं आठवण करून दिली.

"यात ढुंगणच नाहीये."

"नीट बघ. मेंढीला असतं ते लोकरीलाही असतं."

"डावं कुठलं पण? उलटी पसरलीय की सुलटी?"

"मान कुठेय?"

"तुझ्याकडे. बहुतेक."

"बहुतेक काय? चाळीस वर्षं मेंढ्या पाळतोस, तुला मान आणि ढुंगण कळत नाही?"

"मेंढीचं कळतं! आत मेंढी असली की!"

दोन दिवस लागले. साठ ढुंगणं मी रंगवली, शोधून शोधून, आणि काही बाबतीत, खरं सांगतो, अंदाजानं. आणि 'स्पष्ट' लिहिलंय म्हणून पट्टा चांगला वीतभर रुंद दिला.

एप्रिलमध्ये फोन आला. प्रयोगशाळेच्या डॉक्टर टॅम्सिन. हुशार बाई, पण त्या दिवशी आवाज अगदी बारीक झालेला.

"एडविन, लोकरीला तुम्ही काय लावलंत?"

"खूण. तुम्हीच मागितलीत."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"खूण म्हणजे चिठ्ठी, एडविन. दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. मालकाचं नाव लिहून."

"मग चिठ्ठी लिहायचं होतं."

"फॉर्म माझा नाही. समितीचा आहे."

बाईंनी लोकर धुतली, पुन्हा धुतली, विरघळवली, गाळली. जे औषध पांढरं यायचं ते स्ट्रॉबेरीच्या दह्यासारखं आलं. तिनं प्रत्येक तपासणी केली. जंतू नाहीत. ताकद हवी तेवढी. लोह किंचित, अपाय काही नाही. तुमच्या तक्त्यात एकोणीस रकाने आहेत, एकोणीसही ठीक. रंगाचा रकाना नाही. तरी तिनं तुम्हाला वेगळं पत्र लिहिलं, चार मे रोजी: औषधाचा रंग लाल आहे, कारण गेरू, जखमेच्या पाण्यानं तो आणखी गडद होईल, कृपया मार्गदर्शन करावं. तुमचं उत्तर मी स्वतः वाचलंय. दोन शब्द. 'पत्र मिळाले.'

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण तुम्ही ठेवलं नाहीत.

जूनपासून ब्रोना ते औषध लावू लागली. दर मंगळवारी ती जखमेवर पारदर्शक कागद धरायची, पेनानं काठ आखायची आणि तारीख टाकायची. थेल्मानं ते कागद स्वयंपाकघराच्या खिडकीला चिकटवले. पहिल्या मंगळवारचं बेट मोठं, आडवंतिडवं. मग दर आठवड्याला त्याचा एकेक किनारा समुद्रात बुडत गेला. ऑगस्टच्या शेवटी ते अंगठ्याच्या नखाएवढं उरलं. पोस्टमन खिडकीपाशी थांबून बघायचा. पबवाली मार्जरी म्हणे पैज घेत होती, मी लावली नाही. थेल्मा काठी टेकत मेंढवाड्यापर्यंत जाऊ लागली आणि रविवारी फोनवर विनिफ्रेडला म्हणू लागली, "पोपट कसा आहे?" हे ती जिंकत असली की विचारते.

मग अकरा सप्टेंबर.

चाचणीचे निरीक्षक म्हणून तुमचे पेटिफरसाहेब आले. माणूस वाईट नाही. उंच, बारीक, आवाज मऊ, चाकांची बॅग. ती बॅग त्यांनी फाटकापासून दारापर्यंत शेणातून ओढत आणली आणि प्रत्येक पावलाला शेणाची माफी मागितली.

"मी फक्त बघायला आलोय," ते म्हणाले. "मी इथं नाहीच असं समजा."

"मग चहाचा एक कप कमी मांडते," थेल्मा म्हणाली.

ब्रोना पट्टी सोडायला बसली. मी चुलीपाशी उभा. आता एक समजून घ्या. ते औषध कोरडं असताना गुलाबी, पण चार दिवस पट्टीखाली भिजलं की खाटकाच्या फळीसारखं लाल होतं. आम्हाला सवय होती. सांगायला हवं होतं. ब्रोनाला वाटलं तुम्ही सांगितलं असेल, कारण चार मेचं पत्र तुमच्याकडे होतं. पेटिफरसाहेब पुढे वाकले. पट्टीचा शेवटचा पदर उचलला गेला.

"हे…" ते म्हणाले. "हे अपेक्षित आहे का?"

आणि उभेच्या उभे आडवे झाले. जाता जाता कपाळ चुलीच्या पितळी दांड्यावर आपटलं.

"एडविन!" थेल्मा ओरडली. "दांडा बघ, वाकला का?"

दांडा ठीक होता. कपाळ ठीक नव्हतं. भुवईच्या वर दोन इंच उघडलेलं, आणि रक्त असं की मी एवढं फक्त कातरणीला नवशिक्या माणूस ठेवल्यावर पाहिलंय. ब्रोनानं जाळीचा कापूस दाबला. भिजला. दुसरा दाबला. तोही भिजला. साहेबांनी डोळे अर्धे उघडले, "मी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो," एवढं म्हणाले आणि पुन्हा मिटले.

"आता सांगतोय," ब्रोना म्हणाली. तिनं मला फोन लावायला सांगितला. रुग्णवाहिका पन्नास मिनिटांवर होती.

तिसरा कापूस भिजला.

"डब्यात अर्धं औषध आहे," थेल्मा म्हणाली.

"तो चाचणीत नाही, थेल्माबाई. मला लावता येणार नाही. माझी नोकरी जाईल."

"तुला कोण सांगतंय? तू खिडकीकडे बघ. बेटं मोज."

ब्रोनानं एक हात कापसावर ठेवला आणि मान खिडकीकडे वळवली. "एक," ती म्हणाली. "दोन."

थेल्मा एका पायावर खुर्चीतून उतरली, फरशीवर बसली, दोन बोटांनी डब्यातलं औषध घेतलं, कापूस किंचित सरकवला आणि साहेबांच्या कपाळावर डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढला. साठ वर्षांची सवय, हात तसाच चालतो. ब्रोनानं वर पुन्हा दाबलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. सगळे मंगळवार पाच-सहादा मोजून होईपर्यंत कापूस लाल व्हायचा थांबला. साडेतीन मिनिटांत रक्त थांबलं. साडेतीन! त्या गोळ्या पोटात असताना!

त्यांना उठवून बसवलं, चहात तीन चमचे साखर घातली, आल्याचा केक दिला. रुग्णवाहिकेला त्यांनीच परत पाठवलं. मग चहाच्या किटलीत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं.

"माझ्या कपाळाला हे काय?"

"माझी खूण," थेल्मा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कुठं हरवलात," मी समजावलं, "तर लोक तुम्हाला इथं आणून सोडतील."

ते हसले नाहीत. पण केक संपवला. पाऊण तासानं मार्जरीचा फोन आला: "थेल्मा, तुझं एक मेंढरू माझ्याकडे सूप पितंय. पाठवू का वर?"

आम्ही आठ दिवस हसत होतो. नवव्या दिवशी तुमचं पत्र आलं.

'उत्पादन रक्त थांबवण्यासाठी व जखम भरण्यासाठी असून वापराच्या ठिकाणी रक्तस्राव आढळल्याने चाचणी तात्काळ स्थगित. उर्वरित साठा सीलबंद करावा. भेटीदरम्यान अन्य कोणतीही घटना घडली नाही.'

थेल्मानं ते तीनदा वाचलं. "अन्य कोणतीही घटना," ती म्हणाली. "माणूस माझ्या चुलीवर डोकं फोडून घेतो आणि ती घटना नाही. मग घटना म्हणजे यांना काय लागतं? भूकंप?"

मी फोन केला. तुमच्या फोनवर गाणं वाजतं, ते आता मला पाठ आहे. चौथ्या दिवशी एका बाईनं सांगितलं की हा रंगाचा प्रश्न आहे आणि तो रंगाच्या उपसमितीकडे गेला आहे. मी म्हणालो, आधी रंगाचा रकाना नव्हता, आता रंगाची समिती आहे? त्या म्हणाल्या, म्हणूनच तर नेमली.

केंडलला गेलो. डॉक्टर टॅम्सिननं मला फ्रिज दाखवला. काचेच्या दारामागे थेल्माचे तीन डबे, दारावर तुमची चिकटपट्टी. "मी फाडू शकते," ती म्हणाली. "मग पुन्हा कधीच कुणासाठी काही करू शकणार नाही." मी तिला दोष देत नाही.

मग तुमच्याकडे आलो. अडीच तास गाडी चालवून, डोंगरातून मोटाररस्त्यावर, तिथून तुमच्या काचेच्या इमारतीत. दारावरच्या माणसानं माझ्या छातीवर 'पाहुणा' असा कागद चिकटवला. पाहुणचार म्हणून पाण्याचा प्याला मिळाला. पेटिफरसाहेब खाली आले. भुवईवर बारीक पांढरी रेघ, बघणाऱ्यालाही शोधावी लागेल अशी.

"कपाळ छान भरलंय, साहेब."

"हो. आमच्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटलं."

"कशानं भरलं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का?"

"मी बेशुद्ध होतो. निरीक्षकानं फक्त स्वतः पाहिलेलंच लिहायचं असतं."

"आणि थेल्माच्या पायातून रक्त येताना पाहिलंत?"

"लाल पाहिलं."

"मग लाल लिहायचं!"

"लाल असा रकाना नाही, मिस्टर ब्रेथवेट. 'रक्तस्राव: होय किंवा नाही', एवढंच आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "मला 'नाही' लिहिता आलं नाही. मी स्वतःच रक्तात पडलो होतो. शर्ट टाकून द्यावा लागला."

"तुमच्या रक्तात!"

"रकान्यात कुणाचं ते विचारलेलं नाही."

मी खिडकीवरचे कागद आणले होते. एकावर एक टेबलावर ठेवले, मोठ्या बेटापासून नखाएवढ्यापर्यंत. ते एकेक बेट बघत गेले. त्यांचं बोट आपोआप भुवईवर गेलं.

"उपसमिती कधी बसते?" मी विचारलं.

"जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात."

"आणि डब्यांची मुदत?"

मीच सांगितलं. डब्यावर लिहिलंय. एकतीस डिसेंबर.

"कागद ठेवून घ्या," मी म्हणालो.

"ठेवता येणार नाहीत. याची पोच देणारा क्रमांक नाही."

मी कागद गुंडाळून परत आलो.

आता गेल्या मंगळवारचं. औषध बंद होऊन महिना झाला. ब्रोना नेहमीचं मलम लावते आणि काठ आखते. बेट पुन्हा वर येतंय. नखाएवढं होतं, आता शिलिंगाच्या नाण्याएवढं आहे. थेल्मानं तो कागद खिडकीला लावला नाही. विनिफ्रेडनं घरात घालायच्या पांढऱ्या सपाता पाठवल्या आहेत. त्या कोठारात आहेत, एकीत मांजरीनं पिल्लं घातली.

हेही सांगतो. माझ्या आणि थेल्माच्या शेताच्या मधे एक दगडी भिंत आहे आणि ती तीन फूट कुणाच्या बाजूला सरकायला हवी यावर आमचं चाळीस वर्षं भांडण आहे. वकिलापर्यंत गेलंय. मधली सहा वर्षं आम्ही फक्त कुत्र्यांमार्फत बोलत होतो. परवा ती खुर्चीतून डोंगराकडे बघत म्हणाली, "माझ्या मेंढ्या तू घे. विकल्या तरी त्या डोंगर सोडणार नाहीत. आईमागून चरत शिकल्यात, दुसरीकडे नेल्या तर मरतील. आणि भिंत तू म्हणतोस तशीच धर."

चाळीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. मी म्हणालो, "भिंतीबाबत तुझंच बरोबर आहे, मूर्ख बाई." तर ती भांडलीसुद्धा नाही.

गेरू मी लावला. हात माझा होता, डबा मी उघडला, साठही लोकरी मी रंगवल्या. त्याची शिक्षा असेल ती मला द्या. तुमच्या तक्त्यात अडाणीपणाचा रकाना असेल तर तिथं माझं नाव घाला: एडविन ब्रेथवेट, पत्ता वर आहे. पण कलम सात तुमचं होतं, चार मेचं पत्र तुमच्याकडे होतं, आणि साडेतीन मिनिटांत थांबलेलं रक्त तुमच्या माणसाचं होतं.

आज एकोणीस ऑक्टोबर. ब्रोना म्हणते, तीन डबे, चार आठवडे, जखम मिटेल. एकवीस नोव्हेंबरपासून मागे मोजा, तुम्हाला मोजता येतं. चोवीस ऑक्टोबरला ते डबे थेल्माच्या टेबलावर असले पाहिजेत. पाच दिवस आहेत. उपसमिती नको, 'पत्र मिळाले' नको, तुमच्या कागदांतलं 'रुग्ण क्रमांक अकरा' नको. तिला नाव आहे.

फ्रिजवरची ती चिकटपट्टी निघणार की नाही? हो की नाही, एका शब्दात लिहा. आणि त्या शब्दाखाली शिक्का चालणार नाही, जिवंत माणसाचं पूर्ण नाव हवं. कोण सही करतंय?